मिश्रीचं बोट

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथीच्या जुड्या बांधल्या. सांगण्यासारखं त्यात काही नाही. ऊन कललं होतं. गोठ्याच्या सावलीत पोतं अंथरलेलं, मधी मेथीचा ढीग, इकडं मी, तिकडं ती. सकाळी पोरगा गाडीवर टाकून बारामतीच्या बाजारात नेणार होता. ती मूठभर मेथी उचलायची, मुळं आपटून माती झाडायची, देठं सारखी करायची आणि सुतळीचा वेढा देऊन गाठ मारायची. मी बांधलेली जुडी मात्र उचलून बघायची, सोडायची आणि पुन्हा बांधायची. तोंडानं काही बोलायची नाही.

शेवटी मीच विचारलं, "सैल झाली काय?"

"न्हाय की. झ्याक झालीय. बारामतीपतूर रस्त्यानं सांडत जाईल. गुरं खातील, तुमाला पुण्य लागंल."

सुतळी तोडायला विळा होता. पण ती दातानंच तोडायची. तोंड उघडलं की माझी नजर तिथं जायचीच. दात काळे. पण ते पोरवयापासूनचे काळे, त्यावरनं आजचं काही कळत नाही. मी गालाच्या आतल्या अंगाला बघायचा प्रयत्न करत होतो. तिनं ते ओळखलं.

"काय बघताय?"

"काय न्हाय."

"बघा, बघा. लाजू नका." असं म्हणून तिनं मोठा आ केला, जीभ बाहेर काढली, आणि तशीच माझ्याकडं बघत राहिली. मग तोंड मिटून पुढची मूठ उचलली.

मी हसलो नाही. राखणीला बसलेल्या माणसानं हसायचं नसतं, राखण सुटते.

राखण कशाची ते सांगतो. मिश्रीची.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना मिश्री सांगावी लागत नाही. नव्या पोरींना लागेल. तंबाखू तव्यावर काळी होईस्तवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी उठल्यावर पहिल्या बोटावर घेऊन हिरड्यांना घासायची. मग उंबऱ्यात बसून हनुवटी वर करून बोलायचं, कारण तोंडात रस साठलेला असतो. मग थुंकायचं. मग दिवस सुरू. आमची मंडळी लग्न होऊन आली तेव्हाच तिच्या कमरेला डबी होती. तिच्या आईनं दिलेली. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, भांगलायला जाताना एकदा, कुणाशी भांडण झालं तर एकदा. मिश्री लावल्याशिवाय परसाकडंसुद्धा होत नाही, असं या बायका एकमेकींना सांगतात आणि ते खरं मानतात.

मला त्याचं काही वाटायचं नाही. माझ्याही गालात तंबाखूची गोळी असायची. दोघंही थुंकत होतो. संसार चालला होता.

मग तिला चटणी झोंबायला लागली. साध्या आमटीनं डोळ्यात पाणी. बारामतीला दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात हलका होता. त्यांनी गाल ताणून बॅटरी मारली आणि मला जवळ बोलावून दाखवलं. आत पांढरा पट्टा होता, दुधाची साय चिकटावी तसा.

म्हणाल्या, "आज हे काही वाईट नाही. पण मिश्री चालू राहिली तर याचं पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही. सोडली तर जाईलसुद्धा."

अजूनही काहीतरी म्हणाल्या. घरच्यांनी सांभाळून घ्या, ओरडू नका, मागं लागू नका, असं. मी पहिलं ऐकलं. दुसरं ऐकायला मला वेळ नव्हता.

स्टँडवर गावाकडच्या, अंथुर्ण्याला जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसलो. मी माझी तंबाखूची पुडी खिशातनं काढली आणि तिच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. म्हणालो, "ही माझी. आता तुझी."

तिनं डबी काढली, हातात धरली. "घरी गेल्यावर टाकते."

"हितंच टाक."

"अवं, डबी पितळंची हाय. आईची हाय. हितं टाकू व्हय?"

"मग मिश्री टाक, डबी ठेव."

टाकली. मग मला म्हणाली, "तुमच्या गळ्याची शपथ. पुन्यांदा तोंडाला लावणार न्हाय." आणि माझ्या गळ्याला बोट लावलं. त्या बोटाला मिश्रीचा वास होता, मला पक्कं आठवतं.

घरी आल्यावर पोराला सांगितलं. तो म्हणाला, "आबा, मिश्री म्हंजे काय दारू हाय का? त्या वयात सोडून तिला काय करायचंय?"

"तोंड सडल्यावर तू धुणार हायस का तिचं?"

तो उठून गेला. आमच्या घरात हे असंच. दारू पिणारा असता तर सगळे भावकीवाले गोळा झाले असते, कुणी माळ घालायला सांगितलं असतं, कुणी औषधाची पुडी आणली असती. बाईच्या मिश्रीला कुणी व्यसन म्हणतच नाही. म्हणून मग मी एकटाच राखण करायची ठरवली.

गावातल्या दुकानदाराला सांगितलं, आमच्या घरातल्या बाईला तंबाखू द्यायची नाही. तो म्हणाला, "आबा, बायका स्वतः कुठं येतात? पोरांना पाठवतात." म्हटलं, पोरांना पण देऊ नकोस. मग शेजारच्या वहिनीकडं गेलो. ही नात्यानं भावजय, वयानं माझ्याएवढी, आणि रोज सकाळी आमच्या उंबऱ्यात बसून आमच्या मंडळीबरोबर मिश्री लावायचा हिचा कित्येक वर्षांचा नेम.

"वैनी, तुमची डबी आमच्या घरात यायची न्हाय."

"माझी डबी माझ्या कमरंला हाय भावजी. ती काय चालत येती व्हय तुमच्यात?"

"तुमी चालत येता न्हवं."

"मग आता न्हाय यायची."

"नका येऊ."

ती वळली, चार पावलं गेली आणि परत फिरली. "माझ्या लग्नात गालात गोळी धरून पंगतीला वाढत हुता तुमी. भातात पिंक पडंल म्हणून माझा बाप तुमच्या मागं मागं फिरत हुता. आन आता आमाला शिकवा."

ती खरंच आली नाही. सकाळी उंबरा मोकळा राहायला लागला. मंडळी एकटी बसायची, हातात काही नाही, तोंडात काही नाही. डोकं दुखतं म्हणायची. पोट साफ होत नाही म्हणायची. सुनेवर खेकसायची. एकदा भाकरी करपली म्हणून तवा चुलीवरनं काढून अंगणात फेकला. मी तंबाखू सोडली तेव्हा मलाही असंच झालं होतं, पण मी तवा फेकला नाही, जनावरांना शिव्या दिल्या.

हळूहळू ती शांत झाली. पुन्हा दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पट्टा फिका झालाय. छान चाललंय आजी." मंडळीनं माझ्याकडं बघितलं, जिंकल्यासारखं. मी राखण जरा सैल सोडली.

आणि मग एका सकाळी तिनं मला चहाचा कप दिला, आणि कपाबरोबर वास आला.

तंबाखू सोडलेल्या माणसाचं नाक कसं असतं ते सोडलेल्यालाच कळतं. शेजारच्या रानात कुणी पुडी फोडली तरी मला इकडं कळतं. हा वास भाजलेल्या तंबाखूचा होता. तिच्या बोटाला.

"बोट दाखव."

"कुठलं बोट?"

"हे. पहिलं."

तिनं मतदानाच्या शाईला करतात तसं बोट पुढं केलं. मी हुंगलं. तोच वास.

"काय हे?"

ती नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. मी म्हणालो, "माझ्या गळ्याची शपथ घेतलीस. माझ्या जिवावर उठलीस व्हय?"

"तुमी काय इतक्यात मरत न्हाय," ती म्हणाली, आणि कप घेऊन आत गेली.

त्या दिवसापासून रोज सकाळी मी बोट मागायचो. ती द्यायची. कधी वास असायचा, कधी नसायचा. नसला की मी दुसरं बोट मागायचो, मग डावा हात. एकदा तिनं दोन्ही हात पुढं करून विचारलं, "पायाची पण दावू?" घरात सगळ्यांसमोर हे चालायचं. पोरगा मान फिरवायचा. सून चुलीपुढं बसून जाळ पुढं सारत राहायची.

आता प्रश्न असा होता की तिला मिश्री देतंय कोण. ती घराबाहेर जात नव्हती. दुकानदार देत नव्हता. वहिनी येत नव्हती, पण कुंपणावरनं हात लांब होतो. वरकुट्याला मंडळीची धाकटी बहीण दिलेली, ती महिन्या दोन महिन्यांनी यायची. एकदा ती अंघोळीला गेल्यावर मी तिची पिशवी उपसली. पेरू होते, लुगडं होतं, औषधाच्या गोळ्या होत्या. मिश्री नव्हती. तेवढ्यात ती केस पुसत दारात उभी.

"काय हुडकताय दाजी?"

"काय न्हाय. पेरू."

"पेरू वरच हुते." तिनं पिशवी घेतली, पेरू ओट्यावर ओतले आणि तशीच ओल्या केसांनी गाडी धरायला गेली. त्यानंतर ती आली ती बहिणीच्या मातीलाच.

राहिली सून. सून मुकाट्याची. बारामतीच्या पलीकडची, बारावी झालेली. रोज सकाळी दारात उभी राहून ब्रशनं दात घासायची, फेस दिसेल असा. मला ते जास्तच वाटायचं. एवढा फेस कशाला? एकदा मी घरातले डबे तपासले. मी ज्वारीच्या पिठात कोपरापर्यंत हात घातला तेव्हा सुनेचा चेहरा उतरला. पिठात काही सापडलं नाही. पण तिचा चेहरा मी ध्यानात ठेवला. म्हटलं, हीच आहे. हीच आणून देते सासूला. सासूला खूश ठेवायचं, म्हणजे कामाला कुणी बोलणार नाही. मी मंडळीला तसं म्हणालोसुद्धा.

ती माझ्यावर एवढी कधी चिडली नव्हती. "त्या पोरीचं नाव घेतलंसा तर मी जेवायची न्हाय. माझं बोट हुंगायचं तेवढं हुंगा. तिच्या वाटंला जायचं न्हाय."

एवढी बाजू घेते म्हटल्यावर माझी खात्रीच झाली.

मेथीच्या जुड्या बांधल्या तो दिवस याच काळातला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी उठलो. असं कधी होत नसे. ती कुशीवर झोपलेली, हात गोधडीच्या बाहेर. मी म्हटलं, जागी व्हायच्या आत बघावं. खाली बसलो, हात उचलला, बोट नाकाशी नेलं. मेथीचा वास आला, हिरवा, कडवट. त्याच्या खाली दुसरा काही वास आहे का म्हणून मी पुन्हा हुंगलं. मग मला कळलं की हात गार आहे.

डॉक्टर आले, म्हणाले झोपेत हृदय बंद पडलं. मी विचारलं, "तोंडामुळं तर न्हाय?" ते म्हणाले, "तोंडाचा काय संबंध?" बाकीचे माझ्याकडं बघायला लागले. तिला अंघोळ घातली, तुळशीचं पान ठेवायला तोंड उघडलं, तेव्हा मी वाकून बघितलं. लोकांना वाटलं शेवटचं बघतोय. मी गाल बघत होतो. पण अंधार होता आणि बायकांनी मला बाजूला केलं.

दहावा कालव्याच्या कडेला केला. पिंड ठेवले, बाजूला पत्रावळीवर तिला आवडायचं ते ठेवलं, भात, मेथीची भाजी, चहा. सगळे मागं सरकून बसले. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण खाली येईनात.

पोरगा हात जोडून म्हणाला, "आई, आबांना मी सांभाळीन." कावळा हलला नाही. मेहुणी म्हणाली, "अक्का, माझा राग सोडला मी, तूबी सोड." एक कावळा खाली आला, पत्रावळीभोवती फिरला आणि उडून गेला. ऊन वर आलं. लोकांची चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, जीव कशात तरी अडकलाय.

मग शेजारची वहिनी, जिला मी घरात यायला बंदी केली होती ती, सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाली, "मिश्री ठेवा चिमूटभर."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी नाही म्हणणार हे त्यांनी धरलंच होतं.

पण मला दुसरंच सुचलं. म्हणालो, "ठेवा की. कुणाकडं हाय?"

माझा हिशोब साधा होता. वहिनीची डबी सगळ्या गावाला ठाऊक. तिच्याशिवाय जिच्या कमरेतनं डबी निघेल, तीच माझ्या मंडळीला मिश्री पुरवत होती. मी बायकांच्या कमरांकडं बघत बसलो. दहाव्याला बसलेल्या नवऱ्यानं असं बघू नये. मी बघत होतो.

वहिनीनं कनवटीला हात घातला, तेवढ्यात सून उठली. पदराच्या आतनं रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली, आणि पितळेची डबी माझ्यासमोर धरली. सासूची डबी. तिच्या आईची.

"मामा, हिच्यात हाय."

म्हटलं, सापडली. आणि मोठ्यानं म्हणालो, "म्हंजे तूच देत हुतीस तिला."

"मी न्हाय देत. त्याच मला देत हुत्या."

कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही. पोरगा म्हणाला, "काय बोलतीस तू?"

ती खाली बघून बोलायला लागली. पहिल्या बाळंतपणानंतर तिची दाढ ठणकायची. दवाखान्यात कोण नेणार, म्हणून सासूनं स्वतःच्या डबीतली मिश्री तिच्या दाढेला लावली. ठणका थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. मग दाढ दुखायची राहिली आणि मिश्री तेवढी राहिली. सासू ती उघड लावायची, सून लपून लावायची. शिकलेली सून मिश्री लावते म्हटल्यावर लोक हसतील.

"आत्यांनी बारामतीसनं आल्यावर सोडली, ती सोडलीच. त्यांनी कवाच तोंडाला लावली न्हाय मामा. मग त्यांनी माझी काढून घेतली. म्हणल्या, मी सुटले, आता तुला सोडवते. मी लावली तुझ्या दाढंला, मीच काढणार. सगळी मिश्री ह्या डबीत घातली आन डबी त्यांच्यापाशीच ठेवली. सकाळी त्यांच्या बोटानं चिमूट काढून माझ्या हातावर ठेवायच्या. दुपारची बंद केली. मग संध्याकाळची बंद केली. रोजची चिमूट बारीक करत आणली हुती."

मी म्हणालो, "मग मला का न्हाय सांगितलं?"

"मी म्हणलं सांगूया. त्या म्हणल्या, गप बस. तुझ्या मामांना कळलं तर तुझंबी बोट हुंगायला मागतील. सासऱ्यानं सुनंचं बोट हुंगायचं, शोभंल का ते? माझं हुंगत्यात तर हुंगू दे. नवराच हाय."

बायकांच्यात कुणीतरी फिसकन हसलं. दहाव्याच्या जागी. मेहुणीच असणार.

मी सुनेकडं बघत राहिलो. माझा लगेच विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसावर काहीही ढकलता येतं, ते उठून नाही म्हणत नाही. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा मला ओळखता येतो असं मी समजत होतो. पण या चेहऱ्यावरनं मी एकदा चुकीचा हिशोब केलेला होता. मग मला डॉक्टरीणबाईंनी विचारलेला पहिला प्रश्न आठवला.

"चटणी झोंबती का तुला?"

तिनं मान हलवली. झोंबते.

"कुठं?"

तिनं गालावर बोट ठेवलं.

"आता चिमूट कोण देतं?"

"माझी मीच घेते."

"बारीक?"

ती सासूसारखीच, हो नाही आणि नाहीही नाही. तिनं तोंड उघडून सांगायची गरज नव्हती. राखणारी गेली, रान मोकळं झालं, तर जनावर शिरणारच.

गावातले एक जाणते म्हातारे शेजारी बसले होते. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "आबा, आता तुमीच म्हणा काय तरी. तुमच्यासाठीच थांबलीय ती."

मला असलं बोलता येत नाही. पिंडाकडं बघून म्हणालो, "हिला मी दवाखान्यात नेतो. उद्याच नेतो. आन कुणाचं बोट हुंगणार न्हाय. झालं?"

वहिनीनं विचारलं, "मिश्री ठेवायची का न्हाय मग?"

"न्हाय. तिनं सोडली हुती."

हे मी सगळ्यांसमोर बोललो. माझा पुरता विश्वास बसलेला नव्हता, तरी बोललो. बोलल्यावर थोडा बसला.

कावळा जरा वेळानं आला आणि पिंडाला शिवला. बायका रडल्या. पोरगा रडला. कावळा का आला ते मला ठाऊक नाही. भूक लागली असेल. आधी दुसऱ्या कुणाच्या दहाव्याला पोट भरून आला असेल आणि आता जिरलं असेल. लोक म्हणतात ती ऐकत होती. म्हणू देत.

घरी आल्यावर भावकीनं घेरलं. सुतकात घराबाहेर पडायचं नसतं, तेरावं झाल्यावर जा म्हणाले. मी म्हणालो, "तिच्या तोंडातलं तेरावं हुईस्तवर थांबंल का? पाव्हणं हाय का ते?" पोरगा म्हणाला, "मी नेतो की तिला." मी म्हणालो, "तू म्हणालास मिश्री म्हंजे दारू न्हाय. तू घरी बस." तो बसला. रात्री मात्र तो बायकोशी काहीतरी हळू आवाजात बोलत होता. काय ते ऐकायला मी उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून दारात बसलो. सून आवरून बाहेर आली. डोक्यावरनं पदर, हातात पिशवी. माझ्यापासून लांबून गेली. वास आला. आला तर आला.

फाट्यापर्यंत चालत गेलो, मी पुढं, ती मागं. गाडी आली. ती बायकांच्या सीटवर बसली आणि मी तिच्या पुढच्या सीटवर बसलो, म्हणजे मागं वळल्याशिवाय ती दिसू नये. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडलेला, गाडी थांबत थांबत चालली होती. वळावंसं मला बऱ्याच वेळा वाटलं. एकदा ड्रायव्हरच्या आरशात दिसते का ते बघितलं. नाही दिसली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. "बाबा, आजी कशा आहेत?"

"गेली."

त्या थांबल्या. "तोंडामुळं?"

"न्हाय," मी म्हणालो. "तोंड चांगलं हुतं तिचं. हृदयानं गेली. ही सून हाय. हिचं तोंड बघा."

त्यांनी सुनेला आत घेतलं आणि मलाही बोलावलं. "तुम्ही पण या. मागच्या वेळेसारखं दाखवते."

"मला नका दाखवू," मी म्हणालो. "हिला दाखवा. काय कवापासनं ते हीच सांगंल."

पडदा सरकला. मी बाहेरच्या बाकावर बसलो. आतनं सुनेचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. खरं सांगत असेल का? रोजची किती ते सांगत असेल, की कमी करून सांगत असेल? पुन्हा सुरू झाली ते सांगेल का? पडद्याला खाली वीतभर फट होती आणि बाकावरनं जरा वाकलं तर सगळं ऐकू आलं असतं.

मी उठलो आणि जिना उतरून खाली रस्त्यावर चहाच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिलो.